भोक भिंतीला पडावे, खिशाला नको

गेल्या अंकात आम्ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या जोडणीबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत खेड तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच घरांना उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते. सलामानंतर त्या लिहितात की घराचा खालचा भाग जुना, चिऱ्याचा आहे. वरचा मजला दोन वर्षांपूर्वी विटांत चढवला. शौहर कुवेतला असतात. सासऱ्यांची तब्येत उन्हाळ्यात बिघडते म्हणून त्यांच्या खोलीत एसी बसवायचा आहे, वर न्हाणीघराचा मोठा पाइप बाहेर काढायचा आहे, स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा हवा आहे आणि टाकीचे दोन बारीक पाइप आहेत. दीर वायरिंगची आणि नळांची कामे करतात. त्यांचे म्हणणे, माणूस बोलावून पैसे घालवण्यापेक्षा कोअर कटिंगची मशीन घरचीच घेऊ. दुकानदाराने साडेअठरा हजार सांगितले. भगिनी विचारतात, ‘एवढ्या पैशांत यांचे सुट्टीला येण्याचे तिकीट निघते. स्वस्तातली मशीन चालेल का? की घेऊच नये?’

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो: साडेअठरा हजारांची घेऊ नका, आणि अगदी स्वस्तातलीही घेऊ नका. मधली एक आहे. ती का, हे समजण्यासाठी आधी भोकांची मापे पाहू, कारण मशीन निवडायची असते ती भोक पाहून.

टाकीचे बारीक पाइप एक इंचाच्या आतबाहेर असतात. त्यांना कोअर लागतच नाही. लांब साधा बिट पुरतो. स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळ्या, वायर आणि पाणी निघण्याची नळी मिळून जो जुडगा होतो त्याला साधारण ६५ मि.मी.चे भोक लागते. न्हाणीघराचा मोठा पीव्हीसी पाइप बाहेरून ११० मि.मी. असतो, म्हणजे भोक त्याहून थोडे मोठे. राहिला पंखा. इथे पुष्कळ लोक फसतात. सहा इंची पंखा म्हणजे पात्यांचा घेर सहा इंच. त्याची चौकट त्याहून मोठी असते आणि बहुधा चौकोनी. तो कोअरने पाडलेल्या सहा इंची गोल भोकात बसत नाही. ते काम गवंड्याचे आहे, छिन्नी-हातोडीचे आहे, आणि चिऱ्याच्या भिंतीत तो ते एका दुपारी करून देतो. म्हणजे पाच भोकांतले एक यादीतून गेले.

कोअर कटिंग म्हणजे भोकातला सगळा माल न कुटता फक्त कडेची गोल चर कापायची आणि मधला गोळा अखंड बाहेर काढायचा. युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमधल्या कारागिरांनी तांब्याच्या नळीखाली वाळू घालून कठीण दगडात अशीच भोके पाडली आणि त्यांतून निघालेले दगडाचे गोळे गिझाला सापडले आहेत. आज वाळूऐवजी नळीच्या तोंडाला हिऱ्याची भुकटी मिसळलेले तुकडे किंवा कार्बाइडचे दात असतात. फायदा किती, त्याचा हिशेब करून पाहा: कडेची चर तीन मि.मी. रुंद धरली तर ६५ मि.मी.च्या भोकात एकूण मालाच्या सहाव्या भागाइतकाच माल कापावा लागतो. म्हणून लहान मशीनसुद्धा मोठे भोक पाडू शकते. पण याच गोष्टीत धोकाही आहे, आणि दिरांनी तो नीट समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

बारीक बिट भिंतीत अडकला तर मशीन जराशी हिसकते. कोअर अडकला तर सगळा घेर एकदम धरला जातो. मोटर फिरतच असते. बिट फिरू शकत नाही म्हणून मग मशीन फिरते आणि तिच्याबरोबर ती धरलेला हात. मनगट पिरगळते, अंगठा मोडतो, शिडीवर असेल तर माणूस खाली येतो. घेर जेवढा मोठा तेवढा हा हिसका मोठा. ज्याची रोजी हातांवर आहे त्याने दोन महिने प्लास्टरमध्ये हात ठेवून बसणे घराला परवडणारे नाही. म्हणून मशीन घेताना आमचा पहिला प्रश्न किमतीचा किंवा वॅटचा नसतो. आम्ही विचारतो, हिला क्लच आहे का? क्लच म्हणजे बिट अडकताच आतल्या आत घसरून मोटरचा जोर तोडणारी जोडणी. पुस्तिकेत ती ‘सेफ्टी क्लच’, ‘ओव्हरलोड क्लच’ किंवा ‘टॉर्क लिमिटर’ अशा नावाने लिहिलेली असते. दुकानदार नुसते ‘हो, हो’ म्हणाला तर पुस्तिका उघडून दाखवायला सांगा. क्लच असला तरी तो घसरेपर्यंत मनगटाला झटका बसतोच; त्यासाठी बाजूचा दांडा लावून दोन्ही हातांनीच धरायचे.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. दोन-तीन हजारांना मिळते ती १३ मि.मी. चकची इम्पॅक्ट ड्रिल. रावळ प्लगची भोके, पडद्याचे दांडे, कपाटे यांसाठी ती उत्तम आणि आम्ही तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण कोअरसाठी ती नको. या मशीनला बहुधा क्लच नसतो. शिवाय ती मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेते. ६५ मि.मी.च्या कोअरचा घेर सुमारे २० सें.मी.; २,८०० फेऱ्यांना त्याची कड मिनिटाला साडेपाचशे मीटरहून जास्त घासत जाते. कोअर तापतो, दात निळे पडतात, आणि वेग कमी करायला बटण हलके दाबले तर मोटरचा दम जातो आणि धूर तिथून येतो. दिरांकडे ही मशीन आधीच असेल तर ‘एकदा करून बघू’ असे म्हणू नये.

दुसऱ्या टोकाला खास कोअर कटिंगची मशीन, पत्रातली साडेअठरा हजारांची. जोर मोठा, वेग कमी, क्लच असतो, पाण्याची नळी जोडता येते, चांगल्या मशीनला स्टँडही असतो. रोज काँक्रीटमध्ये भोके पाडणाऱ्याला ती हवीच. पण ती जड असते. मोटर दोन हजार वॅटच्या आसपासची, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर. घरातल्या साध्या सॉकेटवर ती चालवायची नाही, मोठा १६ अँपिअरचा सॉकेट हवा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते तेव्हा ती आणखी तापते. आणि दोन मोठी भोके पाडून झाली की ती माळ्यावर जाते.

मधली जी आम्ही म्हणतो ती दोन किलो वर्गातली, ८०० वॅटच्या आसपासची रोटरी हॅमर, एसडीएस-प्लस चकची. बाजारात हिला ‘२६ एमएम हॅमर’ म्हणतात. (एसडीएस हे नाव जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले: घाला, फिरवा, बसले. बिट बसवायची रीतही तशीच आहे, किल्ली लागत नाही.) साध्या कंपनीची चार-पाच हजारांत, नावाजलेल्या कंपनीची सात ते दहा हजारांत मिळते, भाव गाव आणि दुकान पाहून बदलतो. बॉशची जीबीएच २-२६ आणि मकिटाची एचआर २६३० या तिच्या दोन नेहमीच्या ओळखी. या मशीनची मर्यादा कंपन्या स्वतःच छापतात. बॉशच्या या मशीनला विटांच्या बांधकामात कोअरने ६८ मि.मी.पर्यंत. मकिटाच्या मशीनला साध्या कोअर बिटने ६८ आणि कोरड्या डायमंड कोअरने ८० मि.मी.पर्यंत. म्हणजे एसीचे भोक या मशीनच्या आवाक्यात येते, तेही काठावर. ११० चे येत नाही. ‘आमच्या ओळखीचा एक जण याच मशीनने चार इंची पाडतो’ असे सांगणारे भेटतील. पाडतही असेल. गिअर आणि मनगट त्याचे आहे.

साधी कंपनी घ्यायला आमची हरकत नाही, मात्र चार गोष्टी दुकानातच पाहून घ्याव्यात. डब्यावर छापलेल्या वॅटवर जाऊ नये. स्वस्त मशीनवर तो आकडा हवा तसा फुगवलेला असतो. क्लचचे वर सांगितलेच. नंतर बाजूची कळ पाहा. तिच्यावर ठोका व फिरणे, नुसता ठोका आणि नुसते फिरणे अशा तिन्ही जागा असाव्यात. काही स्वस्त मशिनींत नुसते फिरण्याची सोय नसते, ती कोअरसाठी निम्मी निरुपयोगी. कार्बन ब्रश तालुक्याच्या गावी मिळतात का ते आधी विचारा, कारण सर्वात आधी तेच झिजतात. आणि बिल पक्के घ्या.

कळीचा मुद्दा इतका का, तर बिट दोन जातींचे असतात. कार्बाइड दातांचा कोअर वीट आणि चिऱ्यात ठोक्यासह चालतो. एसी बसवणारी मुले बहुतेक हाच वापरतात आणि तो स्वस्त आहे. मात्र मशीनवर छापलेली दातांच्या कोअरची मर्यादा ६५ हून कमी असेल तर ६५ चा दातांचा कोअर ठोक्यावर लावू नये, तिथे डायमंडच घ्यावा. डायमंड कोअर फक्त फिरवायचा, ठोका पूर्ण बंद. ठोक्यात टाकला की हिऱ्याचे तुकडे नळीपासून सुटतात आणि हजार-दोन हजारांचा बिट एका भिंतीत संपतो. दोन्ही प्रकार घेताना मागचे आटे आणि एसडीएसचा जोडदांडा एकमेकांना बसतात का ते दुकानातच फिरवून पाहावे. आणखी एक माप लोक विसरतात, ते नळीच्या खोलीचे. कित्येक दातांच्या कोअरची वाटी अडीच-तीन इंचच खोल असते. भिंत नऊ इंच. म्हणजे दर तीन इंचांना थांबून आतला गोळा छिन्नीने मोडून काढायचा, दांड्याला जोड लावायचा आणि पुढे जायचे. काम होते, पण वेळ धरून ठेवावा.

११० च्या एका भोकासाठी दोनच वाटा आम्हाला शहाणपणाच्या दिसतात. एक, त्या दिवसापुरता कोअर कटिंगवाला बोलवावा; भोकामागे काहीशे रुपये जातात, गावापर्यंत यायचे भाडे वेगळे. दोन, वरची भिंत विटांची आहे म्हणून गोल आखून त्या रेषेवर १० मि.मी.च्या साध्या बिटने जवळजवळ भोके पाडत जावे आणि मग मशीन नुसत्या ठोक्यावर टाकून छिन्नीने मधला भाग काढावा. कड ओबडधोबड येते. पाइपभोवती मसाला भरायचाच असतो, त्यात ती झाकली जाते. दीर हे नक्की करू शकतील.

आता भिंतीविषयी, कारण मशीन एक असली तरी भिंती दोन आहेत. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्यावर राहून कठीण होतो. त्यामुळे जुन्या भिंतीचा बाहेरचा थर कडक आणि आतला भाग ठिसूळ, मधेच पोकळ असा लागतो. कोअर एकदम आत घुसतो आणि तिरका होऊन अडकतो. म्हणून जोर लावू नये, मशीनला तिच्या चालीने जाऊ द्यावे आणि इंच-दीड इंचाला बाहेर काढून भुसा झाडावा. पावसाळ्यात तर चिऱ्याला हातच लावू नये. ओल्या चिऱ्याचा भुसा चिखल होतो, नळीत घट्ट बसतो आणि बिट धरून ठेवतो. दिवाळीनंतर भिंत सुकते, तेव्हा हे काम करावे. घर फार जुने असून चिरे मातीत बसवलेले असतील तर ठोका अजिबात वापरू नये; सांधे हलतात आणि एखादा चिरा जागचा सरकतो. भोक चिऱ्याच्या मध्यावर घ्यावे, सांध्यावर नको.

वरच्या मजल्यावर वेगळी काळजी. वीट आहे असे समजून लावलेला बिट काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईत जाऊ शकतो, कारण गिलाव्यावरून काही कळत नाही. बारीक बिटने आधी चाचपून पाहावे. लाल भुसा म्हणजे वीट, करडा भुसा गिलावा संपल्यावरही येतच राहिला तर काँक्रीट. तिथे थांबावे आणि जागा बदलावी. खांब, तुळई आणि खिडकीवरचा लिंटेल यांतली सळई कापली तर घराचा भार उचलणारी गोष्ट कापली. मुंब्रा, मीरारोडकडच्या वाचकांनाही हेच सांगणे आहे, उलट अधिक जोराने: नव्या इमारतींत कित्येकदा सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे सोसायटीची परवानगी आणि इमारतीच्या इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय कोअर लावायचा नाही, मशीन कितीही चांगली असो.

वायर कुठून गेली आहे हे दिरांना माहीत असेलच. तरी स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक घेऊ नये आणि त्या खोलीचा एमसीबी पाडून मशीनला दुसऱ्या खोलीतून वीज घ्यावी. जोडवायर लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेज पडते. जाड तारेची, पूर्ण उलगडलेली वापरावी. धूळ बसावी म्हणून काही जण साध्या ड्रिलवर मगने पाणी ओततात. हे प्राणघातक आहे. पाणी फक्त त्यासाठीच बनवलेल्या मशीनला, आणि तिथेही ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर लागतो.

धूळ मात्र खरीच वाईट. विटांच्या आणि काँक्रीटच्या भुशात सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही. नाकाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क हवा, डोळ्यांना चष्मा आणि कानांत बोळे. सासऱ्यांना आणि मुलांना त्या दिवशी शेजारी किंवा मामूंकडे पाठवावे; दाराला ओली चादर लावावी. मशीन धरणाऱ्याच्या अंगावर सैल बाह्या, ओढणी, घड्याळ काही नको. सैल हातमोजेही नकोत, ते बिटाभोवती गुंडाळले जातात. मशीनचे बटण दाबून अडकवून ठेवायची सोय असते, ती कोअरच्या वेळी वापरू नये. बोट सुटले की मशीन थांबली पाहिजे.

करायची रीत अशी. एसीच्या भोकासाठी आधी १० किंवा १२ मि.मी.चा लांब बिट आतून बाहेर आरपार घालावा, बाहेरच्या बाजूला जरा खाली उतरता. नऊ इंची भिंतीत पाच-सहा मि.मी. उतार पुरतो. हा उतार विसरला तर कोकणचा पाऊस नळीवरून घरात येतो आणि एसीचे पाणीही उलटे फिरते. मग कोअर आधी आतून अर्ध्या भिंतीपर्यंत आणि उरलेले बाहेरून घ्यावे, म्हणजे बाहेरच्या गिलाव्याचा पोपडा निघत नाही. बाहेर पोचता येत नसेल तर शेवटच्या इंचाला हात अगदी हलका ठेवावा. कोअरच्या मधला मार्गदर्शक बिट चर पाऊण सें.मी. खोल पडली की काढून टाकावा. उंचावर काम असेल तर स्टूल नको. दोन्ही पाय टेकतील असा पक्का माचा बांधावा, कारण हिसका बसतो तो अचानक.

डायमंड कोअर फिरतो आहे पण कापत नाही असे झाले तर तो संपला असे समजून फेकू नका. कठीण मालात तोंड गुळगुळीत होते. वाळूच्या खरबरीत विटेत एक-दोनदा फिरवला की नवे कण उघडे पडतात आणि तो पुन्हा धरतो.

खर्चाबद्दल एक सूचना. अशी मशीन वर्षातून चार वेळा लागते, मग ती प्रत्येक घरात कशाला? मोहल्ल्यातल्या चार घरांनी मिळून एक घ्यावी, किंवा जमातीच्या सामानात, जिथे मोठी पातेली आणि सतरंज्या असतात तिथे, एक मशीन असावी. मशिदीच्या वजूखान्याचे नळ बदलतानाही ती कामाला येईल. बिट मात्र ज्याचा त्याने आणावा. झिजणाऱ्या वस्तूवरून वाद होतात. आणि मशीन अशाच माणसाच्या हाती द्यावी ज्याला कळीच्या तीन जागा ठाऊक आहेत.

पाइप बसल्यावर भोवतीची फट दोन्ही बाजूंनी भरावी. फोम वापरला तर बाहेरून त्यावर मसाला किंवा रंग लावावा, उन्हाने तो भुगा होतो. आणि एसीवाला चार दिवसांनी येणार असेल तर तोपर्यंत भोकात कापडाचा बोळा घालून ठेवा. कुंभारीण माशीला मातीचे घर करायला अशी जागा फार आवडते, आणि रात्री उंदरालाही.